कोकणातलं दप्तर आणि ते सांभाळणारे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडकडे रेकॉर्ड रूममध्ये नोकरी केलेले आम्ही काही जण भेटलो की एक विषय हमखास निघतो: आपली एखादी संघटना असावी का? आणि तो निघाला की कोणीतरी विचारतंच, "अहो, पण आपला इतिहास काय?" तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा आले, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मतं माझी आहेत. ज्यांना पटणार नाहीत त्यांनी भांडायला यावं, चहा आहे.

कोकणात दप्तर सांभाळणाऱ्यांची स्वतंत्र संघटना आहे का?

संघटना आहेत त्या संवर्गाच्या: तलाठ्यांच्या, ग्रामसेवकांच्या, महसुलातल्या कारकुनांच्या. त्या पगार, बदली, पदोन्नती या विषयांवर भांडतात आणि ते योग्यच आहे. पण रेकॉर्ड रूम हे सरकारी कचेरीत एक टेबल असतं. आज अभिलेखपाल असलेला माणूस उद्या पुरवठा शाखेत जातो, परवा निवडणुकीत. मग संघटना करायची कोणी? त्यातून रेकॉर्डला बसवणं म्हणजे अडगळीत टाकणं, असा समज कचेऱ्यांमध्ये अजून आहे. साहेबांशी वाजलं की पहिली धमकी रेकॉर्डची. ज्या कामाला लोक शिक्षा समजतात त्याचा पेशा होत नाही, आणि पेशा नसला की संघटनाही होत नाही.

मग या कामाचा इतिहास सुरू तरी कुठून करायचा?

माझ्या मते गोव्यापासून. 1595 मध्ये पोर्तुगीजांनी गोव्यात सरकारी कागदांसाठी स्वतंत्र दप्तरखाना उभा केला आणि दियोगु दु कोउतु या इतिहासकाराला त्याचा रखवालदार नेमलं. कागद सांभाळणं हेच ज्याचं काम, असा नेमलेला माणूस या किनाऱ्यावर त्याच्या आधीचा मला माहीत नाही.

तिथला पत्रव्यवहाराचा सर्वात प्रसिद्ध संग्रह 'मॉन्सून बुक्स' म्हणून ओळखला जातो, कारण लिस्बनची गलबतं मोसमी वाऱ्यावर ये-जा करत आणि टपालही त्याच फेऱ्यांनी बांधलं जाई. आपल्याकडे पाऊस कागदाचा वैरी, तिथे त्याच पावसाच्या हिशेबाने कागद लावलेले!

विसाव्या शतकात हे दप्तर डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांच्या हाती आलं. सत्तरीतल्या पिसुर्ले गावचे, जन्म 1894. 1930च्या दशकाच्या सुरुवातीपासून गोवा मुक्त होईपर्यंत ते दप्तरखान्याचे प्रमुख होते. पोर्तुगीज आणि मराठे यांच्या संबंधांचं आज जे काही आपल्याला कळतं, त्याचा मोठा भाग त्यांनी लावलेल्या आणि छापून काढलेल्या कागदांवर उभा आहे. आमच्या पेशाला आदिपुरुष हवाच असेल, तर मी पिसुर्लेकरांचं नाव घेईन. नोकरी परक्या सरकारची, पण कागद लावताना त्यांनी ते कोणाच्या बाजूचे आहेत हे पाहिलं नाही.

मराठेशाहीत हे काम कोण करत होतं?

गावात कुलकर्णी, परगण्यात देशपांडे, दरबारात सचिव आणि पुढे फडणीस. 1674च्या अष्टप्रधानांत सचिवाकडे राज्याच्या हिशेबाची आणि कागदांची तपासणी होती. अण्णाजी दत्तो हे त्या पदावरचे गृहस्थ, आणि कोकणातल्या जमिनीच्या पाहणीशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे.

पेशवाईत पुण्याला हुजूर दफ्तर, म्हणजे सरकारचं मुख्य दप्तर, होतं. ते ज्या नाना फडणवीसांच्या नजरेखाली शिस्तीत चाललं, त्या भानूंचं मूळ गाव वेळास. तेच, बाणकोट खाडीच्या तोंडाशी असलेलं, हल्ली लोक जिथे कासवांची पिल्लं पाहायला जातात ते. 1800 मध्ये नाना गेले आणि दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत दप्तराची आबाळ झाली. एक माणूस गेला की शिस्त जाते, हे आमच्या खात्याचं जुनंच दुखणं आहे.

हेच कागद पुढे पुण्यात पेशवे दप्तर म्हणून राहिले. 1891च्या सुमारास बांधून झालेली ती दगडी इमारत, आत सुमारे 39,000 रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली 1930 ते 1934 या काळात त्यातून निवडलेल्या कागदांचे 45 खंड छापले गेले. कोकणातल्या गावाचा शोध घेणाऱ्याला कधी ना कधी त्या दारात जावंच लागतं.

खोतांच्या घरची दप्तरं खासगी मानायची की सरकारी?

सर्वात जास्त वाद याच प्रश्नावर होतात. उत्तर जरा लांबणार आहे.

खोत म्हणजे गावचा वसूल गोळा करून सरकारात भरणारा. कूळ, म्हणजे जमीन कसणारा, खोताला देणार, खोत सरकारला देणार. त्यामुळे कोण कुठली जमीन कसतो, भाताचा वाटा किती, वरकसावर (डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर) काय लावलंय, कोणाची बाकी राहिली, हे सगळं खोताच्या वहीत. ती वही खोताच्याच माजघरात, पेटाऱ्यात. कुळाला पावती मिळेल न मिळेल. तंटा झाला तर पुरावा म्हणून तीच वही बाहेर यायची, आणि ती लिहिलेली कोणी? ज्याच्याविरुद्ध तंटा आहे त्यानेच.

इंग्रज सरकारने 1880च्या खोती कायद्याने यात हात घातला. खोती गावांत कुळांचे हक्क आणि खोताला द्यायचा फाळा (वसूल) यांची सरकारी नोंद होऊ लागली. ती नोंद ज्यात सापडते ते बोटखत. रत्नागिरीकडच्या जमिनीच्या दाव्यात वकील "बोटखताचा उतारा आणा" म्हणतात तो हाच कागद. धारेकरी (ठरलेला धारा भरणारा, कायम हक्काचा) कोण, साधं कूळ कोण, खोत निसबत जमीन (खोत म्हणून त्याच्याकडे असलेली) कुठली, खोती खासगी (त्याची स्वतःची) कुठली, हे त्यातून कळतं. पूर्वी जे एका घराच्या वहीत कोंडलेलं होतं, त्याची दुसरी प्रत आता त्या घराबाहेर तयार झाली. दप्तराच्या इतिहासात मला याहून मोठी घटना दिसत नाही.

खोती यामुळे संपली नाही. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली 1933 ते 1939 संप केला. जमिनी पडीक ठेवल्या, पोटाला चिमटा घेतला, पण मागे हटले नाहीत. 17 सप्टेंबर 1937 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, म्हणजे खोतीच्याच मुलखातलं. 10 जानेवारी 1938 रोजी कोकणातून आलेल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांनी विधिमंडळावर नेला. खोती रद्द करणारा कायदा शेवटी 1949 मध्ये झाला. कूळ कायदा 1948चा, आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या दिवशी ज्याचं नाव कूळ म्हणून कागदावर होतं त्याला मालक होण्याची वाट मोकळी झाली. नाव नव्हतं तो बापजाद्यांपासून तीच जमीन कसत असला तरी कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिला.

आता मूळ प्रश्न. घरात पडलेली खोताची वही कायद्याने आज त्या घराचीच. कोणी ती ओढून नेऊ शकत नाही, आणि नेऊही नये. पण तिच्यात अख्ख्या गावाची माहिती आहे. म्हणून त्या घरांना आम्ही एवढंच सांगतो: वही तुमचीच राहू द्या, फोटो काढू द्या. काही घरं आनंदाने देतात. काहींना अजून भीती वाटते की जुनी कुळं उभी राहतील. ती भीती आता निराधार आहे असं माझं मत, पण घाई करून उपयोग नाही.

इंग्रजांनी नेमकं काय बदललं?

पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकणचा वेगळा जिल्हा केला, ठाणं बाणकोटला. 1822 मध्ये ते रत्नागिरीला हलवलं. मुंबईत 1821 मध्ये सरकारी रेकॉर्ड ऑफिस सुरू झालं; आजचं पुराभिलेख संचालनालय त्याचंच वारस. ते एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे.

गावपातळीवर वतनदार कुलकर्ण्याच्या जागी हळूहळू पगारी तलाठी आला. 1879चा जमीन महसूल कायदा आणि 1903चा हक्कनोंदणीचा कायदा यांच्यामुळे फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) आणि हक्कपत्रकाची (कोणाचा कुठल्या जमिनीवर काय हक्क याच्या वहीची) पद्धत बसली. गावनमुन्यांना, म्हणजे गावच्या ठरावीक नोंदवह्यांना, क्रमांक मिळाले. सात नंबर आणि बारा नंबर एकत्र आले की सातबारा. हे नमुने कसे लिहावेत, कधी तपासावेत, कधी जाळावेत, हे सगळं अँडरसन नावाच्या अधिकाऱ्याच्या मॅन्युअलमध्ये आहे आणि महसुलातले जुने लोक अजून 'अँडरसन काय म्हणतो' असंच विचारतात.

अ, ब, क, ड वर्ग म्हणजे काय?

कागद किती वर्षं ठेवायचा त्याची वर्गवारी. अ म्हणजे कायम. ब 30 वर्षं, क 10, क-1 पाच, ड एक वर्ष. मुदत संपलेले कागद वेगळे काढायचे, यादी करायची, मंजुरी घ्यायची आणि मगच नष्ट करायचे. याला आम्ही निंदणी म्हणतो, शेतातल्यासारखीच.

कागदावर ही पद्धत उत्तम आहे. घोळ होतो तो वर्ग लावताना. वर्ग लावणारा कारकून नवीन असेल तर त्याला सगळंच अ वाटतं, कारण अ लावला की जबाबदारी संपली! मग पन्नास वर्षांपूर्वीच्या रजेच्या अर्जांनी फळ्या भरतात आणि बोटखत जमिनीवर येतं. जमिनीवर आलं की वाळवी.

सहा गठ्ठे पद्धत काय असते?

टेबलावरच्या फायली सहा ढिगांत लावायच्या: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, रेकॉर्डला पाठवायची प्रकरणं आणि नष्ट करायची. ऐंशीच्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीला जी शिस्त लावली, ती 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर गेली. तेव्हापासून कचेरीच्या नीटनेटकेपणाची चर्चा तरी सुरू झाली. आजही मोठ्या साहेबांची तपासणी आली की आदल्या रात्री सहा गठ्ठे तयार होतात, हे खरं. पण एका रात्रीत का होईना, होतात.

जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा हवाय. कुठे बघू?

सगळ्यात आधी शाळेत. आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा मिळाला तर निम्मं काम झालं. मग तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक. गावात कोण जन्मलं, कोण वारलं, बापाचं नाव, जात, हे त्यात असतं. त्यानंतर जुने फेरफार आणि हक्कपत्रक.

तारखा लक्षात ठेवा: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त व भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967.

अर्ज करताना गावाचं आजचं नाव, जुनं नाव आणि वाडी तिन्ही लिहा. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, त्याच साली कुलाब्याचा रायगड झाला. सावंतवाडी आणि जंजिरा ही 1948 पर्यंत संस्थानं होती. तुमच्या पणजोबांचा कागद कुठल्या राजवटीत लिहिला गेला ते आधी ठरवा, नाहीतर चुकीच्या कचेरीत महिनोन् महिने जातील आणि शिव्या आम्हाला बसतील.

2023 मध्ये रेकॉर्ड रूममध्ये एवढी गडबड कसली होती?

कुणबी नोंदींची. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी राज्यभरच्या कचेऱ्यांत जुने कागद धुंडाळायला घेतले. वर्षानुवर्षं न सुटलेले रुमाल सुटले. मोडी वाचणारा माणूस सोन्याच्या भावाचा झाला. राजकारण बाजूला ठेवतो. आमच्या दृष्टीने एवढंच खरं की ज्या खोलीला रंग लावायला पैसे नव्हते, तिथे अचानक दिवे, टेबलं आणि स्कॅनर आले. नंतर किती टिकले ते ज्याने त्याने आपल्या तालुक्यात जाऊन बघावं.

मोडी शिकणं खरंच इतकं कठीण आहे का?

अक्षरं महिन्याभरात येतात. पुराभिलेख संचालनालय वर्गही घेतं. वेळ लागतो तो हाताला सरावायला, कारण प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. आधी ओळ आखलेली, तिच्याखाली बोरू न उचलता अक्षरं ओढलेली, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा नाही.

आणि खरी मेख तारखेत. समजा कागदावर लिहिलंय 'सन इसन्ने तिसैन मया व अलफ'. हे अरबी आकडे, एककापासून उलटे लिहिलेले: दोन, नव्वद, शंभर, हजार. म्हणजे 1192. हा शुहूर सन, म्हणजे मराठी कागदांतली जुनी कालगणना, मृगापासून, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, सुरू होतो. त्यात जून ते डिसेंबरसाठी 599 आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600 मिळवायचे. 1791-92 आलं. खाली 'छ 12 रबिलावल' असं असेल तर तो मुसलमानी चांद्र महिन्याचा बारावा दिवस. हे एकदा जमलं की अर्धा कागद आपसूक उलगडतो. नुसती अक्षरं येणारा माणूस इथे अडतो आणि साल चुकीचं टाकतो. ते चुकीचं साल मग प्रमाणित नकलेवर जातं, नकलेवरून निकालपत्रात.

कोकणच्या पावसात कागद टिकवायचे कसे?

कागदाला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती 80च्या खाली क्वचित येते. त्यामुळे दिल्लीहून आलेली पुस्तकी नियमावली इथे जशीच्या तशी चालत नाही.

जुनी माणसं दप्तर लाल खारव्यात (जाड कापडात) बांधत, आत वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाचा पाला ठेवत आणि पेटारा चुलीवरच्या माळ्यावर चढवत. धुराने कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लांब राहायची. कागद मात्र पिवळा पडून ठिसूळ व्हायचा, म्हणून आज ते करू नका. करायचं ते साधं आहे. रॅक भिंतीपासून वीतभर पुढे. खालची फळी जमिनीपासून हातभर वर. कौलाखाली किंवा गळक्या स्लॅबखाली काहीही नको. पाऊस नसलेल्या दुपारी खिडक्या उघडा, संध्याकाळी बंद करा. पंखा चालू ठेवा. एसी फक्त कचेरीच्या वेळेत चालणार असेल तर तो नसलेला बरा, कारण रोज रात्री कागद फुगतो आणि रोज सकाळी आकसतो.

आणि गणेशोत्सव झाला, ऊन पडलं, की प्रत्येक रुमाल एकदा सोडा. हे कोणी करत नाही. सोडलेला रुमाल पाहिला आहे का कधी? वरचे आठ-दहा कागद ठीक दिसतात. मधे बोट घातलं की थंडगार, किंचित चिकट लागतं. तिथे करडी भुकटी दिसली तर बुरशी आहे, चकचकीत आडवेतिडवे ओरखडे दिसले तर कसर. जुन्या लोहयुक्त शाईने ओळीच्या ओळी कापून काढलेल्या असतात. कागद उजेडाकडे धरला तर अक्षरांच्या जागी नुसत्या फटी दिसतात. असा कागद हाताने उलटू नका, खाली पुठ्ठा सरकवून उचला.

पुराचं पाणी रेकॉर्डमध्ये शिरलं तर?

26 जुलै 2005 चिपळूण आणि महाडने पाहिला. 22 जुलै 2021ही दोघांनी पाहिला. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला, 1864 पासून चालत आलेल्या संस्थेला, या दोन्ही पुरांचा तडाखा बसला. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरूडकडची कौलं आणि पत्रे उडवले, म्हणजे तिथे पाणी वरून आलं.

पहिले 48 तास महत्त्वाचे, कारण त्यानंतर बुरशी धरते. चिकटलेली पानं ओढून सुटी करू नका. चिखल असेल तर गठ्ठा बंद असतानाच स्वच्छ पाण्यात हलके बुडवून काढा. उन्हात वाळत घालू नका, पानं कुरकुरीत होऊन वळतात. सावलीत, पंख्याखाली, मधे मधे टीपकागद किंवा छपाई नसलेला कोरा कागद घालून वाळवा.

शेकडो गठ्ठे भिजले तर 48 तासांत वाळवणं माणसांच्या हातून होत नाही. अशा वेळी जगभर एकच उपाय करतात: प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून गोठवायचं. गोठलेल्या कागदाची नासाडी थांबते, मग सवडीने थोडे थोडे काढून वाळवता येतात. आता कोकणात शीतगृह कोणाकडे आहे? मासळीवाल्यांकडे. मिरकरवाडा, हर्णै, या बंदरांच्या आसपास मासळी गोठवून ठेवायची सोय असते. पावसाळ्याआधीच त्यांच्याशी बोलून ठेवायला काय हरकत आहे? मासेमारी बंदीच्या काळात तिथे जागाही मोकळी असण्याचा संभव जास्त. मी हे बैठकीत मांडलं तेव्हा लोक हसले. पिशवी दुहेरी घाला, वास लागणार नाही.

जुना कागद लॅमिनेट करून घेऊ का?

नको. गरम प्लास्टिक एकदा बसलं की निघत नाही, आणि आतला कागद सडला तरी बाहेरून कळत नाही. सेलोटेपही नको.

स्कॅन झालं म्हणजे मूळ कागद टाकून द्यायचे का?

अजिबात नाही. जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन होऊन आता 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात, ही मोठीच सोय. पण स्कॅन करताना पान सुटतं, कडा कापली जाते, मागच्या बाजूचा शेरा कोणी घेतच नाही. वादात मूळ नोंदच बघायची असते. शिवाय फाईलला नाव काय दिलंय? '0001 (2) नवीन' असं असेल तर ती सापडणार कशी?

कायद्यात याबद्दल काय आहे?

केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा 1993चा, नियम 1997चे. त्यानुसार प्रत्येक कार्यालयात नेमून दिलेला अभिलेख अधिकारी हवा. केंद्राच्या उपक्रमांनाही तो लागू, म्हणजे थळचा खत कारखाना आणि उरणचं बंदर आलंच. 1892 पूर्वीचा कागद, तो पार खराब झाल्याचा निर्वाळा राष्ट्रीय अभिलेखागाराने दिल्याशिवाय, नष्ट करता येत नाही. परवानगीशिवाय सरकारी अभिलेख नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. राज्याचा स्वतःचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005चा आहे.

माहिती अधिकाराचा कायदाही 2005चाच. त्यातलं कलम 4 लोक विसरतात. अर्ज येवो न येवो, कागद सूचीबद्ध करून ठेवणं हे कार्यालयाचं कर्तव्यच आहे. 'अभिलेख आढळून येत नाही' हे उत्तर लिहिणाऱ्याने ते कलम एकदा वाचावं.

जगात इतरत्र अशा संघटना कशा उभ्या राहिल्या?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारी कचेऱ्यांत कागदाचे डोंगर झाले. ते आवरायला वेगळी माणसं लागली आणि त्यातून पेशा तयार झाला. 1955 मध्ये अमेरिकन रेकॉर्ड्स मॅनेजमेंट असोसिएशन निघाली, 1975 मध्ये ती दुसऱ्या एका संघटनेत मिसळून आजची 'आर्मा' झाली. तिचं बळ शहरोशहरीच्या शाखांत होतं: स्थानिक लोक, बँका, विमा कंपन्या, नगरपालिका सगळे एका टेबलाशी. ब्रिटनमध्ये तशी संस्था 1983 मध्ये झाली. कामाचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ 15489, 2001 मध्ये आलं आणि त्याचा पाया ऑस्ट्रेलियाच्या मानकावर होता. पुराभिलेखांची आंतरराष्ट्रीय परिषद 9 जून 1948ची. म्हणून 9 जून हा अभिलेख दिन. आपल्याकडे तेव्हा मृग लागलेला असतो, कार्यक्रम घ्यायला वाईट दिवस.

प्रशिक्षण कुठे मिळतं?

दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्कूल ऑफ आर्कायव्हल स्टडीजमध्ये. वर्षाची पदविका आहे, छोटे अभ्यासक्रमही आहेत.

संघटना झालीच तर तिने पहिल्यांदा काय करावं?

लोकांना वाटतं भत्ता मागावा. मागा, पण माझ्या यादीत तो तिसरा आहे.

पहिलं, नकार द्यायची ताकद. 'तेवढं पान जरा काढून ठेव' असं सांगणारा कधी वरचा असतो, कधी गावातला वजनदार. एकटा कारकून नाही म्हणू शकत नाही. त्याच्यामागे लिखित आचारसंहिता आणि चार माणसं उभी असली तर तो म्हणू शकतो. वैद्यांना, वकिलांना हे आहे, आम्हाला नाही.

दुसरं, रेकॉर्ड रूममधून बदली होताना फळीवार यादी हातात देऊन सही घेणं. आज चावी मिळते, यादी मिळत नाही.

नोंदणी कशी करायची?

सभासद सरकारी आणि खासगी दोन्ही असणार, म्हणून 1860च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी करणं सोयीचं. किमान सात जण लागतात. मग 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. कोकणातल्या कित्येक वाचनालयांचे, मंडळांचे बदल अर्ज वर्षानुवर्षं तुंबलेत आणि मेलेले विश्वस्त कागदावर अजून काम करतायत. आपल्या संघटनेचं तसं झालं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. सरकारी नोकरीत असलेल्यांनी सभासद होण्याआधी आपले वर्तणूक नियम बघून घ्यावेत.

खासगी दप्तर सांभाळणाऱ्यांना सभासद करणार का?

करावंच. पतपेढीतली कर्जाची कागदपत्रं सांभाळणाऱ्या ताई, देवस्थानच्या मानपानाच्या वह्या जपणारे गुरव, आंबा बागायतदार संघाचा हिशेबनीस, दवाखान्यातले केसपेपर लावणारा मुलगा, शाळेतला क्लार्क. यातल्या शाळेच्या क्लार्कला तर मी पहिली पावती फाडायला सांगेन, कारण दाखल्यांसाठी आमच्याइतकीच गर्दी त्याच्याही खिडकीवर असते आणि त्याला कपाटसुद्धा एकच दिलेलं असतं.